अठराशे कड्या

२८ ऑगस्ट १९६५, शनिवार

सर्र — छन्न. सर्र — छन्न.

दुपारी पडल्या पडल्या हा आवाज आला. साठ वर्षांपूर्वीचा! नागपूरचा दसरा, मी वडिलांच्या खांद्यावर, आणि मिरवणुकीत एक म्हातारा स्वार. अंगात लोखंडी जाळीचं चिलखत. घोडा पाऊल टाकी तसं ते वाजे. सुपात चिंचोके घोळवावेत तसं, पण कानाला गार लागणारं. मी वडिलांना विचारलं होतं, "याला घरी कोण विणून देतं?" आजूबाजूचे सगळे हसले. मला अजून वाटतं, प्रश्न चांगला होता.

आवाज उगाच नाही आला. सकाळी चंद्रशेखर येऊन गेला — आमच्या हिच्या, अनसूयेच्या, बहिणीचा मुलगा, माझ्याच जुन्या कारखान्यात नकाशे काढतो, शहराबाहेरच्या रांझीहून सायकल हाणत येतो. त्याच्या हौशी मंडळाचं नाटक कोजागिरीला, जवानांच्या मदतीसाठी. हा नायक. तिसऱ्या अंकात दगाबाज मित्र त्याच्या छातीवर कट्यार मारतो आणि आतलं चिलखत त्याला वाचवतं. मागच्या खेपेला चिलखत म्हणून गोणपाटाला चंदेरी रंग फासला होता. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या म्हणे. यंदा याला खरं पाहिजे.

"काका, तुमचं सगळं आयुष्य लोखंडात गेलं. तुम्हीच करू शकता."

मी तपासनीस होतो रे बाबा. लोक करायचे, मी फक्त नावं ठेवायचो. पण हे बोललो नाही. हो म्हणून बसलो!

३० ऑगस्ट, सोमवार

घरात गणपती आले आणि घरातली तार गेली. अंगणातली कपडे वाळत घालायची तार! लढाईची हवा आहे, बाजारात बरी तार औषधाला मिळत नाही. मग काय करणार? अनसूया मोदक वळत होती, मी शेगडीवर तार लाल करून मऊ करत होतो. "देवाच्या नैवेद्याशेजारी हे काय करून राहिले तुम्ही?" मी म्हटलं, तू पारी वळ, मी कडी वळतो. लुगडं आता खिडकीच्या गजाला वाळतंय.

कृती सोपी. पेन्सिलीएवढ्या सळईवर तार गुंडाळायची, घट्ट, की स्प्रिंग होते. मग कातरीनं लांबीत कापायची — एकेक वेढा म्हणजे एकेक कडी. पकडीनं तोंड उघडायचं, चार कड्या ओवायच्या, तोंड मिटायचं. पुढच्या कडीत पुन्हा चार. प्रत्येकीतून चार जातात. ना कमी ना जास्त.

आणि एकदम हातातली पकड थांबली. मास्तर आठवले! तिसरीत होतो. पुस्तकातल्या कविता त्यांना मिळमिळीत वाटत, म्हणून स्वतःच रचून आमच्याकडून घोकून घेत.

एक कडी ती एकटी, वाकेल वा तुटेल;
चार सख्यांच्या संगती कोण तिला लुटेल?

साठ वर्षं मी समजत होतो, चार सख्या यमकासाठी आल्या. नाही! मास्तरांनी कुठंतरी चिलखत हातात घेऊन मोजलं होतं. कविता नव्हतीच ती, मोजमाप होतं. एवढा आनंद झाला की अनसूयेला स्वयंपाकघरात जाऊन म्हणून दाखवली. ती म्हणाली, बरं.

२ सप्टेंबर, गुरुवार

दोनशे कड्या. अंगठ्याला फोड. वीतभर जाळी झाली. हातावर घेतली की पाण्यासारखी ओघळते.

५ सप्टेंबर, रविवार

आज परीक्षा. बाजारातून कोहळा आणला, पाटावर ठेवला, त्यावर जाळी पांघरली. चंद्रशेखर कोयता घेऊन उभा. अनसूया दारात — "सांडग्यांसाठी ठेवला असता तर बरं झालं असतं."

पहिला घाव. कड्यांनी आ वासला! जिथं जिथं कोयता लागला तिथं तोंडं उघडी. दुसऱ्या घावाला बिया बाहेर. मग चंद्रशेखरानं ती कट्यार काढली — खलनायक झालेल्या पोस्टातल्या कारकुनानं घरून आणलेली. धार बोथट केली आहे, पण टोक आहे तसंच. त्यानं नुसती टेकवून दाबली. जाळीतून आत, कोहळ्यातून आत, पाटाला खट्ट.

पोरगं पांढरं पडलं. आपला हात नकळत छातीवर नेला त्यानं. कट्यार लाकडाची करा म्हटलं तर मंडळ ऐकत नाही. आवाज पाहिजे म्हणतात, लोखंडावर लोखंडाचा.

दोष कुठं ते मला कोयता पडल्या क्षणी कळलं. माझी कडी टोकाला टोक टेकवून मिटलेली. ती दिसते बंद, असते उघडी. खऱ्या चिलखतात टोकावर टोक चढवतात, ठोकून चपटं करतात, भोक पाडतात, आणि त्या मोहरीएवढ्या भोकात रिपिट — बारीकसा खिळा — मारून डोकं फुलवतात. मग ती कडी उघडत नाही. तुटली तर तुटेल. अर्ध्या रांगा बिनजोडाच्या सलग कड्यांच्या घेतल्या तरी चालतं — आम्ही बोल्टाखालचे वायसर घेऊ. छातीपुरत्या पट्ट्यांना अठराशे कड्या. नऊशे वायसर, नऊशे रिपिटं.

मोहरीएवढं रिपिट मारणारा हात मला एकच ठाऊक आहे. नथ्थूचा.

६ सप्टेंबर, सोमवार

लढाई पेटली. रेडिओपुढं सगळी गल्ली. कारखान्यात दोन पाळ्या जोडून एक केली म्हणे; चंद्रशेखर आलाच नाही. खिडक्यांना काळे कागद लावले. आपली पोरं रणगाड्यांसमोर आहेत आणि मी इथं तलवारीच्या काळातलं चिलखत विणतोय! गोळीपुढं याची किंमत गोणपाटाएवढी. हे लिहिताना हसूही आलं आणि लाजही वाटली.

८ सप्टेंबर, बुधवार

लिहून टाकतो. कोण वाचतंय?

साल चौपन्न. नथ्थू रिपिटाच्या बाकावर बावीस वर्षं. भंडाऱ्याकडचा, बुटका, विडी कानावर. त्याच्या रिपिटावरून बोट फिरवलं तर जोड कळत नसे. पण त्या साली त्याच्या मालात तिरकी डोकी दिसू लागली. एकदा, दोनदा, पाच वेळा. मी कागदावर लिहिलं — "नजर कमी. बारीक कामास अयोग्य." पाच शब्द. त्याला बाकावरून उठवलं, झाडलोटीला लावलं. तो महिन्याभरात घरी बसला आणि बायकोच्या माहेरी, बरगीकडं, निघून गेला. जाताना सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "साहेब, डोळे माझे गेले का तुमचे?"

आता खरी गोष्ट. पुढच्याच आठवड्यात डोकं दुखतं म्हणून मी डोळे दाखवले, तर माझा चष्म्याचा नंबर चुकीचा निघाला! नवा चष्मा लावला आणि जग सरळ झालं. मग ती डोकी तिरकी होती, की मला तिरकी दिसत होती? माल तोवर रवाना झालेला. पुन्हा पाहायला काही उरलं नव्हतं. अकरा वर्षं हे मी कुणाला बोललो नाही. अनसूयेला आज बोललो.

ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मंग काहून बसले? धाडा नं त्याले कड्यांचा डबा. मारली तर रिपिटं मिळतील, नाही मारली तर शिव्या मिळतील. तुमची सुटका दोन्हीनं होते."

१० सप्टेंबर, शुक्रवार

बरगीच्या बसचा कंडक्टर रामराव ओळखीचा. त्याच्यापाशी डबा दिला. आत शंभर चपट्या भोक पाडलेल्या कड्या, शंभर वायसर, रिपिटांसाठी बारीक तार आणि माझी वीतभर फसलेली जाळी — काय पाहिजे ते समजावं म्हणून. चिठ्ठीत नाटकाचं लिहिलं. दुसरं काही लिहायची हिंमत झाली नाही. शिवाय नथ्थूला वाचता येत नाही, गावच्या गुरुजींकडून वाचून घेणार.

१३ सप्टेंबर, सोमवार

डबा परत! आत माझ्याच कड्या, पण निवडून दोन पुड्या केलेल्या. एका पुडीत साठ, कोऱ्या. दुसऱ्या पुडीत चाळीस आणि प्रत्येकीवर लाल ठिपका.

मी मोठ्यानं हसलो. कारखान्यात नापास मालावर आम्ही लाल ठिपका देत असू. माझाच ठिपका मला! रामराव म्हणाला, "निरोप आहे पंतजी. साहेब से बोलना, भोक तिरपं आहे. सीधा पाडा." चाळीसही तपासल्या. खरंच तिरपी. नखाएवढ्या कडीतलं मोहरीएवढं भोक, त्याचा तिरपेपणा मला भिंग लावून दिसला!

ठिपके कुंकवाचे आहेत. खेड्यात रंग कुठून मिळणार.

१४ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर भोकं पाडली. सरळ. शाळेत शुद्धलेखन पुन्हा लिहायला लावत, तसं वाटलं. बरं वाटलं.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली पट्टी आली. हातभर लांब, चार बोटं रुंद. एक रांग वायसर, एक रांग रिपिटाची कडी. काय सांगू! प्रत्येक रिपिटाचं डोकं बाजरीच्या दाण्यासारखं, गोल, सगळी एका बाजूला तोंड करून. भिंग घेतलं, उन्हात बसलो, एकेक कडी पाहिली. जुन्या सवयीनं चूक शोधली. एक नाही.

रामरावला विचारलं, नथ्थूभाऊ कसा आहे? "मला नाही दिसले ते. भौजी — त्यांची बायको — येते डबा घेऊन सडकेपर्यंत. म्हणते, ते कामावर बसले आहेत." कामावर बसला आहे! अकरा वर्षांनी.

जेवण गेलं नाही मात्र. साठीच्या पुढं गेलेला माणूस जर असं बारीक काम करतो, तर पन्नाशीत त्याच्या नजरेला काय झालं होतं? काही नाही. मग कोणाच्या नजरेला झालं होतं?

१९ सप्टेंबर, रविवार

दुसरा कोहळा. अनसूयेनं या वेळी स्वतः निवडून आणला, "किडका आहे, मारा खुशाल." पट्टी पांघरली. चंद्रशेखरनं कोयता उगारला, सणसणीत हाणला. छन्न! जाळीवर एक पांढरी रेघ, बस. एकही कडी उघडली नाही. आणखी तीन घाव. कोयत्यालाच दाते पडले. मग कट्यार. टोक कडीत शिरलं, जवाएवढं गेलं आणि अडकून बसलं. चंद्रशेखर अंगाचा भार टाकतोय, अडकलेलंच!

आम्ही दोघं नाचायचे बाकी. मग अनसूयेनं जाळी उचलली आणि कोहळ्यावर हात फिरवला. "साल शाबूत आहे. पण आत बघा." कापला तर घावाखाली सगळा लगदा. कातडी वाचते, हाडं मोडतात! म्हणजे चिलखत नुसतं लोखंडाचं नसतंच. कापणं लोखंड थांबवतं. धक्का खायला आत कापूस लागतो. म्हणून ते लोक आत जाड कापूसभरला अंगरखा घालत असणार. चंद्रशेखर म्हणाला, त्यानं अजून जाड दिसेन मी. अनसूया म्हणाली, जिवंत दिसशील.

जुनी गोधडी उसवायला घेतली आहे.

दाभणाचीही परीक्षा केली, एकट्यानं. दाभण शिरतं. निमुळत्या टोकापुढं कुठलीच जाळी पुरी पडत नाही. जाळी म्हणजे शेवटी भोकंच, भोवती लोखंड. चंद्रशेखरला सांगितलं नाही. कट्यार दाभण नव्हे.

२३ सप्टेंबर, गुरुवार

लढाई थांबली. आज पहाटेपासून. गल्लीत पेढे. अनसूयेनं खिडकीचे काळे कागद काढले आणि त्यांचीच पुडी करून नथ्थूसाठी पेढे बांधले. आणखी तीन पट्ट्या आल्या. निरोप — "तार कडक येऊन राहिली. मऊ करा. साहेब घाई करतात."

मी कधी घाई केली? ...केली होती. एकदा.

२६ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून पत्र. पाच कागद फाडले. पहिला पेच — काय म्हणून लिहू? कारखान्यात तो मला साहेब म्हणे, मी त्याला अरे. आता अरे लिहावं तर लाज वाटते. अहो लिहावं तर तो म्हणेल, साहेबांना झालं काय. शेवटी 'नथ्थूभाऊ' लिहिलं आणि पुढं 'तू' ठेवला. भावाला तू चालतं.

पत्राला नटवायचा मोह फार झाला. मास्तरांच्या ओळी घालाव्या, चार सख्या वगैरे. अनसूयेला वाचून दाखवलं. "माफी मागून राहिले का कविता म्हणून?" फाडला.

शेवटी एवढंच —

"नथ्थूभाऊ, चौपन्न साली मी तुझ्या नजरेबद्दल लिहिलं ते चूक होतं. त्या दिवसांत माझ्याच चष्म्याचा नंबर चुकलेला होता. हे मला आठवड्यात कळलं आणि मी तोंड उघडलं नाही. तुझी पट्टी पाहून खात्री झाली. नजर माझी कच्ची होती. माफ कर. — विष्णुपंत."

२७ सप्टेंबर, सोमवार

पाचवी, सहावी पट्टी आली. परतीच्या डब्यात पत्र. रामरावला बजावलं, हातात दे. तो म्हणाला, "पंतजी, तार है कि जेवर?" दागिनाच समज, म्हटलं.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

डबा नाही.

४ ऑक्टोबर, सोमवार

डबा नाही. सहा पट्ट्या आल्यात, सातवी राहिली आहे — मधली, बरोबर छातीवरची. चंद्रशेखर रोज येऊन जातो. नुसता चहा पितो आणि जातो. रामराव म्हणतो, भौजी सडकेवर आली नाही, मी तीनदा हॉर्न वाजवला.

पत्र लिहायलाच नको होतं का? माणूस अकरा वर्षांनी बाकावर बसला होता. त्याला बसू द्यायचं होतं. मी पुन्हा कागद पाठवला! त्याच्या वाट्याला माझे कागदच काय ते.

६ ऑक्टोबर, बुधवार

सहा पट्ट्या अंगरख्यावर शिवल्या. मधली जागा उघडी. तिथं माझी जुनी जाळी लावावी का? लांबून कळणार नाही. अनसूया म्हणाली, कट्यारीला कळेल.

चंद्रशेखरला घालून पाहिलं. कमरेला पट्टा घट्ट आवळला तर खांद्यावरचं वजन निम्मं होतं — हे त्यानंच शोधलं. मग तो अंगणात येरझारा घालू लागला. सर्र — छन्न. मी डोळे मिटून बसलो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "काका, झोपले का?" नाही बाबा, नागपूरला होतो.

७ ऑक्टोबर, गुरुवार

ठरवलं. मंडळाला सांगितलं, उद्या दुपारपर्यंत पट्टी आली नाही तर तो प्रवेश गाळा. मी स्वतःच्या सहीनं नापास केलं आहे. रागावले. रागावू देत.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या कोजागिरी.

दुपारी दाराची कडी वाजली. वाटलं, चंद्रशेखर. उघडलं तर सत्यवती! नथ्थूची बायको, एकटी, काखेत डबा. अकरा वर्षांत केस सगळे पांढरे. आत ये म्हटलं तर उंबऱ्याशीच उभी.

म्हणाली, "साहेब, खोटं घेऊन झोप नाही लागत, म्हणून आली. रिपिटं ते नाही मारत. मी मारते, त्यांनी शिकवलं तशी. ते बोटानं पाहतात अन् खराब निघाली की फेकून देतात, मी कुंकू लावते. उनकी नजर तुमच्या कागदाच्या आधीच गेली होती. दोन साल आधी. सवयीनं मारत होते. घरात फक्त मले मालूम होतं. तुम्ही लिहिलं ते खरं होतं."

म्हणजे मी बरोबर होतो! अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, आणि त्याचं काय करावं ते कळेना.

"चिठ्ठी आली तेव्हापासून गुरुजींकडून रोज वाचून घेतात. कड्या तपासणं बंद, काम बंद. चावडीवर जाऊन बसतात अन् येत्या-जात्याला सांगतात, साहेबाची नजर कच्ची होती, साहेबानं खुद लिहून दिलं. इतके खुश मी त्यांना पाहिले नाही. ही पट्टी मी एकटीनं केली, त्यांच्या बोटाखालून नाही गेली." तिनं डबा पुढं केला. "साहेब, माफी वापस घेऊ नका."

मी म्हटलं, नाही घेत.

डबा घेतला. उघडून पाहिला नाही; आधीच्या सहा पट्ट्याही तिच्याच हातच्या. तसाच, अंगरख्याबरोबर, शिवायला चंद्रशेखरकडं पाठवला.